सुकरीबाईनं सांगितलेला पिक्चर

एटापल्लीहून अठरा किलोमीटर आत एक आश्रमशाळा आहे. तिथं सुकरीबाई गेली बावीस वर्षं दीडशे पोरांचा वरण-भात शिजवते. सरकारी कागदावर ती स्वयंपाकी. पण कागदाला काय कळतं? पहिलीत आलेल्या पोराला माडियाशिवाय एक शब्द येत नाही, आणि मास्तर मंडळी चंद्रपूर, राजुरा, घुग्घुस इकडची. त्यांना माडियात पाणीसुद्धा मागता येत नाही. मग पोराचं पोट दुखतंय की घराची आठवण येतेय, हे विचारायला भाताचा गंज चुलीवरून खाली उतरवून सुकरीबाईलाच बोलवावं लागतं. नव्या मास्तराला आठवडाभरात एकच गोष्ट पक्की कळते. साहेब रजेवर गेले तर चालतं, सुकरीबाई आजारी पडलेली चालत नाही.

शनिवारी दुपारी पिक्चर असायचा. घुग्घुसहून आलेल्या नूतन मॅडमनी कुठूनसा एक प्रोजेक्टर मिळवला होता. खिडक्यांना पोरांची ब्लँकेटं बांधून अंधार करायचा आणि भिंतीवर कार्टून लावायचं. कार्टून हिंदीतलं, आणि लहान पोरांना हिंदीही येत नाही. तेव्हा सुकरीबाई हळदीचे हात पदराला पुसत भिंतीशी उभी राहायची आणि पिक्चर माडियात सांगायची. सांगायची म्हणजे काय, आपल्या हातचं तिखटमीठ घालून वाढायची. हत्ती आला की ती त्याचा रानगवा करायची, राजा आला की तहसीलदार. तहसीलदार चिखलात पडला की पोरं हसून लोळायची. नूतन मॅडमना वाटायचं, पिक्चर भारी आहे.

त्या पोरांत दुसरीतली रीता होती. तिचं गाव शाळेपासून जंगलवाटेनं तीन कोसांवर. नोव्हेंबरात तिच्या आईला ताप आला आणि तो डोक्यात चढला. तिला चंद्रपूरला नेणारी पांढरी जीप वाटेत शाळेच्या फाटकाशी थांबली होती. आईनं खिडकीतून हात काढून रीताच्या केसांवरून फिरवला, आणि जीप गेली. चौथ्या दिवशी प्रेत गावात आलं ते दुसऱ्या रस्त्यानं.

रीता तेव्हा स्वतःच मलेरियानं फणफणत होती. शाळेचे अधीक्षक गुणवंतराव माणूस वाईट नव्हेत, भित्रे आहेत. आदल्या वर्षी बाप मेल्याचं ऐकून पाचवीतलं एक पोर जंगलात पळालं, दोन दिवसांनी सापडलं, आणि गुणवंतरावांना वरून नोटीस आली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालं. त्यांनी सुकरीबाईला बाजूला घेतलं.

“सुकरीबाई, पोरीले आत्ताच काही सांगू नका. बरी होऊ द्या. मंग तिचा बाप सांगन.”

तिकडे बाप चैतू समजून होता की शाळा सांगेल. शिकलेले लोक आहेत, नीट सांगतील. यानं त्याच्यावर ढकललं, त्यानं याच्यावर, आणि मधल्या मधे अडीच महिने निघून गेले. रीताचा ताप उतरला. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की ती फाटकाशी पळायची. गाडी पुढं निघून गेली की मुकाट्यानं परत येऊन जेवणाच्या रांगेत बसायची. सुकरीबाई तिच्या ताटात मोठं अंडं निवडून ठेवायची आणि दुसरीकडे बघायची.

खरं म्हणजे या पोरीपुढं गप्प बसणं ज्या बाईला मुळीच शोभत नव्हतं, ती सुकरीबाईच. दहा वर्षांची असताना तिची आई बांबूतोडीला म्हणून गेली आणि तिकडच्या झोपड्यांतच बाळंतपणात मेली. आजीनं सुकरीला सांगितलं, माय मिरची तोडायला आंध्रात गेली. दर उन्हाळ्यात मिरचीवाली माणसं पोती घेऊन ट्रकांतून परतायची. सुकरी रस्त्यावर जाऊन प्रत्येक ट्रकात बघायची. असे चार उन्हाळे गेले. पाचव्या उन्हाळ्यात ती गेली नाही, कारण आपलं आपल्यालाच कळलं होतं. पण कळणं निराळं आणि कोणी जवळ बसवून सांगणं निराळं. तसं तिला आजतागायत कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, माहेरच्या गावाबाहेर जिथं मेलेल्यांच्या नावाचे दगड उभे आहेत तिकडे ती कधी फिरकली नाही. आज ती पन्नाशीची आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी नूतन मॅडमनी नवा पिक्चर लावला. नदीकाठी नावाड्याचं घर, आई-बाप आणि एक चुणचुणीत मुलगी. आई रोज काठावर कंदील लावून घरी परतणाऱ्या नावांना वाट दाखवते. सुकरीबाईनं झोकात सुरुवात केली. नदी तिनं इथलीच, बांडिया नदी केली, नावाड्याला पोटदुखीची सवय लावून दिली. पोरं खिदळत होती. मग भिंतीवर आई अंथरुणाला खिळली. पुढच्या चित्रात अंथरूण रिकामं होतं, बाप तोंड झाकून बसला होता, आणि काठावर कंदील लागला नव्हता.

पोरांनी माना वळवून सुकरीबाईकडे पाहिलं. रीतानंही पाहिलं. सुकरीबाईला फक्त तेवढा एक चेहरा दिसला.

“तिची माय चंद्रपूरले गेली,” सुकरीबाई माडियात म्हणाली. “दवाखान्यात. येणार हाय.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि एक खोटं सांभाळायला दहा खोटी लागतात, हे दीडशे पोरांची भांडणं सोडवणाऱ्या बाईला काय ठाऊक नव्हतं? भिंतीवरचा बाप सामान बांधून मुलीला डोंगरावरच्या दुसऱ्या घरी नेऊ लागला. मुलगी जायला तयार होईना, दाराला धरून रडू लागली. सुकरीबाई म्हणाली, माय बरी होऊन त्याच घरी येणार आहे, म्हणून चाललेत. शेवटी मुलगी स्वतः कंदील पेटवते, आणि त्या उजेडात तिला आई आठवते. घटकाभर आई भिंतीवर हसताना दिसते. सुकरीबाईचा जीव भांड्यात पडला. “पाहा, आली!” ती ओरडली. पोरांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत मोठ्यानं रीतानं. मागं बसलेल्या नूतन मॅडमनी मात्र चष्मा काढून डोळे पुसले. इतक्या दुःखी पिक्चरला पोरं टाळ्या का वाजवतात, ते त्यांना उमगलं नाही.

त्या दिवसापासून रीता बदलली. फाटकाशी पळायची बंद झाली. उगाच हसायची, पाढे म्हणायची. गुणवंतराव म्हणाले, “पाहा, पोरगी रुळली.” सुकरीबाईला मात्र खरं ठाऊक होतं. पोरगी रुळली नव्हती, तिला खात्री पटली होती.

फेब्रुवारीत बाजाराच्या दिवशी चैतूचा निरोप आला. बुधवारी बायकोच्या नावाचा दगड उभा करायचा आहे, पोरीला पाठवा. इकडच्या गावांची रीत अशी की दगडाच्या खड्ड्यात पहिले तांदूळ पोटच्या लेकराच्या हातचे पडले पाहिजेत. नाहीतर मेलेल्याचा जीव घरच्या देवांत येऊन बसत नाही, वाटेवरच भटकत राहतो. गुणवंतरावांनी सुकरीबाईला सोबत जायला सांगितलं, आणि चष्म्यावरून न बघताच म्हणाले, “वाटेनं जाता जाता सांगून टाका तिले.”

बुधवारी सकाळी रीता निघाली ती लाल फ्रॉक घालून. हातात उकडलेलं अंडं होतं, कालच्या जेवणातलं, रुमालात बांधलेलं.

“हे काऊन घेतलं?” सुकरीबाईनं विचारलं.

“मायसाठी,” रीता म्हणाली. “थे आली ना घरी?”

तीन कोसांची वाट. सागाची पानं गळून पडली होती आणि पायाखाली चुरचुरत होती. सुकरीबाईनं पहिल्या नाल्यापाशी सांगायचं ठरवलं, मग दुसऱ्या नाल्यापाशी. दुसऱ्या नाल्यावर रीता म्हणाली, “बाई, तू दमली का? माय चहा करन तुले.” सुकरीबाईनं ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, “चल.” इतकी भेकड ती आयुष्यात कधी नव्हती. मोहाची झाडं आली, गाव आलं, तरी तिचं तोंड उघडलं नाही.

गावाबाहेर सगळा गोतावळा जमला होता. चार माणसांनी नाल्यातून ओढून आणलेला पुरुषभर उंचीचा दगड आडवा पडला होता, शेजारी खड्डा होता. चैतूनं पोरीला जवळ घेतलं, रडला, आणि तिच्या मुठीत तांदूळ दिले. बायनाबाई नावाची म्हातारी, चैतूची मावशी, म्हणाली, “टाक बेटा. तुह्या मायच्या नावानं टाक.”

रीतानं मूठ उघडली नाही. ती माणसांत कोणाला तरी शोधत होती. “माय कुठी हाय?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. चैतू म्हणाला, “बेटा, हा तिचाच दगड हाय.”

“हिल्ले!” रीता माडियात ‘नाही’ म्हणून किंचाळली. “माय येणार हाय! दगड लावला त थे येणार नाई. बाईनं सांगतलं!”

चैतूनं सुकरीबाईकडे पाहिलं, मग बायनाबाईनं, मग सगळ्या गावानं. तांदूळ पडल्याशिवाय दगड उभा होत नव्हता, आणि जोवर खोटं उभं होतं तोवर तांदूळ पडणार नव्हते. सुकरीबाई पोरीपुढं मातीत बसली.

“मी खोटं सांगतलं, रीता. पिच्चरमधली माय मेली होती. चंद्रपूरले गेली नाई, आलीबी नाई. शेवटी दिसली थे त्या पोरीची आठवण होती. तुही माय मेली. नोव्हेंबरातच मेली. मले ठाऊक होतं, आणि मी तुले सांगतलं नाई.”

रीतानं मुठीतले तांदूळ तिच्या तोंडावर फेकले. मग अंडं फेकलं. मग दोन्ही मुठींनी तिला मारत सुटली, छातीवर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. चैतू पुढं झाला, पण सुकरीबाईनं हात करून त्याला थांबवलं. हा मार तिचा हक्काचा होता. पोरगी दमेपर्यंत तिनं तो खाल्ला.

बायनाबाई दुसरे तांदूळ आणायला उठली. पण सुकरीबाई खाली वाकून मातीतला एकेक दाणा वेचू लागली होती. रडत होती आणि वेचत होती. “माह्या मायचंबी मले कोणं सांगतलं नाई,” ती बोलत होती, पोरीशी की मातीशी कोण जाणे. “मिरची तोडाले गेली म्हणत. चार वर्सं म्या रस्त्यावर बसून काढले. तरी तुले तेच केलं म्या. तेच केलं.”

रीता हुंदके देत उभी होती. मग तीही खाली बसली आणि दाणे वेचू लागली. सुकरीबाईकडे तिनं पाहिलं नाही. माफ केलं म्हणून नव्हे, आईचे तांदूळ होते म्हणून. मूठ भरली तेव्हा ती खड्ड्यापाशी गेली आणि एकदम मोठ्यानं, गळा फाडून “माय” म्हणून रडली. तिच्या बोटांतून तांदूळ गळाले. चौघांनी दगडाला खांदा दिला.

माती लोटून झाल्यावर रीता बापाच्या मांडीवरून म्हणाली, “बाई, तुह्या मायले तांदूळ कोणं घातले?”

सुकरीबाई हातांची माती झाडत राहिली. तिला माहीत नव्हतं.

रीता आठ दिवस बापाजवळ राहणार होती. सुकरीबाई एकटीच परत निघाली. निघताना तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिलं, पण रीतानं डोकं बाजूला घेतलं, आणि सुकरीबाईनं ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचं जेवण उरकून ती गुणवंतरावांच्या टेबलापुढं उभी राहिली.

“सांगतलं का पोरीले?” त्यांनी विचारलं.

“सांगतलं, सर. आता मले चार दिवसांची सुटी पायजे. माहेरी जाचं हाय.”

बावीस वर्षांत तिनं चार दिवस एकदम कधी मागितले नव्हते. “काऊन? काय झालं?”

“माय मेली.”

गुणवंतराव खुर्चीतून उठलेच. “अरे देवा! कधी?”

“चाळीस वर्सं झाले,” सुकरीबाई म्हणाली. “तांदूळ घालाचे राह्यले, सर.”