काडेपेटीतलं चाक

आमच्या वैनींना अर्धवट काही खपायचं नाही. ताटात घास राहिला तर पाटावरून उठू द्यायच्या नाहीत. पण फळीवरच्या प्लॅस्टिकच्या विमानांतलं एक विमान मात्र त्या कायम मुद्दाम अपुरं ठेवायच्या.

माझा थोरला भाऊ, दादा, हवाई दलात मेकॅनिक होता. सुट्टीवर कळंब्याला येताना तो पिशवीत मिळणारा स्वस्तातला विमानाचा संच आणायचा. वैनी सुटे भाग ब्लेडने कापायच्या, दादा गोंद लावायचा आणि विमानावर चिकटवायचे रंगीत शिक्के बशीतल्या पाण्यात भिजवायचं काम माझं. तसं सुख पुढं मला फारसं मिळालं नाही. सुट्टी संपत आली की वैनी एक भाग उचलून काडेपेटीत टाकायच्या. कधी चाक, कधी पंखा.

“काम अर्धं ऱ्हायलं की माणूस माघारी येतंय, भावजी,” असं त्या म्हणायच्या. मी नुकताच डिप्लोमा झालेलो, शहाणपण उतू चाललेलं. मी हसायचो.

एका वर्षी दादा परत गेला तेव्हा त्यांनी वैमानिकापुढची काच काडेपेटीत ठेवली होती. मला वाटलं, विमान पुरं करून त्यांना चकित करावं. त्या भाकरी थापत होत्या. मी चिकटवलेली काच बघून त्यांनी तवा खाली उतरवला आणि “बरं दिसतंय की” एवढंच म्हणाल्या. दुपारी बघतो तर ब्लेड घेऊन काच सोडवत बसलेल्या. तो गोंद प्लॅस्टिक वितळवून सांधतो, सुटणार कसा? काच तडकली.

त्यानंतर दादाचं पत्रच येईना. सीमेवर तणाव असल्याच्या बातम्या रोज रेडिओवर. पोस्टमनची सायकल दारावरून पुढं गेली की मी पुन्हा रेडिओ लावायचो. वैनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाचव्या आठवड्यात दादाच दारात उभा राहिला. त्याची बदली झाली होती आणि पत्रं मागं राहिली होती. विमान हातात घेऊन त्यानं विचारलं, “काच कुणी फोडली?”

“माझ्या हातनं फुटली,” वैनी म्हणाल्या. “पाय धुवा आधी.”

पुढं दादा निवृत्त होऊन कायमचा घरी आला. त्या आठवड्यात वैनींनी शेवटचं विमान दोन्ही चाकांसकट पुरं केलं आणि काडेपेटी चुलीपाशी नेऊन ठेवली.

चार वर्षांनी त्यांना ऑपरेशनसाठी दवाखान्यात न्यायची वेळ आली. रिक्षात बसताना म्हणाल्या, “येतो मी. दुधाकडं बघा.” रिक्षा वळली तसा मी आत धावलो, शेवटच्या विमानाचं एक चाक पकडीनं मोडलं आणि काडेपेटीत टाकलं. दवाखान्यात जाऊन त्यांना ते सांगितलंही.

त्या हसल्या. “मोडून ठेवलंसा व्हय? तसं चालत न्हाय, भावजी. आधीपासनंच अर्धं पायजे.”

वैनी परत आल्या नाहीत.

दादा अधूनमधून म्हणतो, चाक लावून टाक. मी हो म्हणतो आणि काडेपेटी पुन्हा फळीवर ठेवून देतो.