निताच्या नावाचा कम्प्युटर

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या पुन्हा रिकाम्या झाल्या आहेत. विचारायला माणसे येतात. मी अजून कोणाला हो म्हटलेले नाही. तिथे निता राहत होती. ती का गेली, हे मालेगावात ज्याला विचाराल तो वेगळे सांगेल. माझ्यासमोर घडले ते असे.

निता केनवडची सून. नवरा विनोद दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, उन्हाळ्यात परततो. टायपिंगची नोकरी लागली तेव्हा सासऱ्याने, मदनसिंगने, तिला लेकीसकट मालेगावात राहू दिले; पण नोकरी आहे तोवरच. सुटली की गुपचूप परत यायचे, हे त्याने माझ्या ओसरीत बसून मला साक्षीला ठेवून वदवून घेतले.

तो गेल्यावर निता म्हणाली, "आजी, मले तिथं परत नाई जायचं. मी उठली कवा, बसली कवा, कोनाशी बोलली, सारं सासू पायते. इथं कोनी पायत नाई."

लेक रुचिका इथल्या शाळेत जाऊ लागली. निता सकाळी खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे द्यायची. कोणाला न विचारता कुलूप लावता येते याचेच तिला अप्रूप होते.

काम मुख्य रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ग्रामपंचायतींच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, फोटो काढून कम्प्युटरवर चढवलेल्या. पडद्यावर एका बाजूला जुने अक्षर दिसायचे, ते वाचून दुसऱ्या बाजूला टाइप करायचे. ठेका कारंजाच्या भगवंतरावांचा. ते अधूनमधून यायचे, चहा प्यायचे, दोन शिव्या हासडून निघून जायचे. काम वेळेवर होत होते, म्हणून त्यांनी जास्त खोलात कधी पाहिले नाही.

खोलात पाहिले असते तर त्यांना सावड दिसली असती. निंदणाला जशा बायका आज हिच्या वावरात, उद्या तिच्या वावरात जातात, तशीच ही कम्प्युटरवरची सावड. निताबरोबर टाइप करणाऱ्या भागिरथाच्या घरची भाजीची वाडी. बाजाराच्या दिवशी तिला दुकान मांडायला जावेच लागे. त्या दिवशी तिच्या जागी बसून कोणीतरी तिचे काम उरकायचे, आणि पुढे ती फेडायची. लिलाबाईची सून बाळंतीण झाली तेव्हा लिलाबाईचे काम सगळ्यांनी वाटून घेतले. सर्वांत जास्त सावड निताची, कारण जुने अक्षर तिला चटकन लागायचे. "निता, हे का लिवलं पाह्य बरं," अशी हाक आली की ती उठायची आणि हाक मारणारीच्या खुर्चीत तासभर अडकायची. स्वतःचे काम ती सगळ्या गेल्यावर संपवायची.

मग भगवंतरावांनी कारभार मुलाकडे दिला. पवन पुण्याला असतो. त्याने मालेगावचा जिना एकदाही चढलेला नाही. त्याने निताला फोन केला, कारण मशिनी तिलाच कळतात असे वडिलांनी सांगितले होते. प्रत्येक कम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम टाकायचा, म्हणजे पुण्यात बसून त्याला सगळे पडदे दिसतील. कोण काम करते, कोण नाही, ते कळेल. कोणाचाही पडदा तिथूनच बंद करता येईल, तिथूनच माऊसचा बाणही हलवता येईल. हे नीट बसवले तर तिला सुपरवायझर करीन, म्हणाला.

"सुपरवायझर म्हंजे पक्की नोकरी, आजी," निता म्हणाली. "मंग मामंजी काई म्हनू शकत नाई."

सूचना इंग्रजीत होत्या. त्या घेऊन ती माझ्याकडे आली. मिशनच्या शाळेत नन्सच्या हाताखाली शिकलेले इंग्रजी म्हातारपणी या कामाला येईल असे वाटले नव्हते. मी वाचत गेले, ती मोबाइलवर तोच प्रोग्राम उघडून बोटे चालवत गेली. एके ठिकाणी निवड होती: ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला तसे कळू द्यायचे की नाही. पवनने 'नाही' ठेवायला सांगितले होते. निताने त्या चौकोनात 'नाही' ठेवले.

"मी तोंडानं सांगून देईन बायांले," ती म्हणाली. "चोरून नाई पायचं."

पुढे 'आयडल' शब्द आला. मी सांगितले, रिकामा. कम्प्युटरला थोडा वेळ हात लागला नाही की त्याच्या नावापुढे लाल खूण येणार, एरवी हिरवी.

आणि नावे. कम्प्युटरांना कारखान्यातून आलेली नावे म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे. आमच्याकडे स्टीलच्या वाटीवरसुद्धा नाव घालून घेतात, आणि त्या खोलीत तीन नंबरचा कम्प्युटर असे कोणी कधी म्हटले नव्हते. भागिरथाचा, लिलाबाईचा, निताचा, असेच म्हणत. निताने तीच नावे टाकली. यात काही चुकते आहे असे तिला वाटले नाही, आणि मलाही वाटले नाही. स्वतःच्या कम्प्युटरवर तो प्रोग्राम न टाकणे तिच्या हातात होते. तिने सर्वांत आधी तिथेच टाकला.

दुसऱ्या दिवशी तिने बायकांना सांगितले. संध्याकाळी लिलाबाई माझ्या दारात उभी राहून, मागच्या खोल्यांना ऐकू जाईल असे बोलली.

"तुमची भाडोत्री तं लय मोठी झाली, मावशी! आमच्यावर पाहारा बसवला तिनं."

निता बाहेर आली. "लिलाबाई, मी नसतं बसवलं तं दुसऱ्यानं बसवलं असतं. मी सांगतलं तरी तुमाले."

"सांगतलं म्हने! साप सोडून देल्ला अन् सांगतलं, का साप हाये बाप्पा, पाहून चाला. तुले खुर्ची पायजे होती, ते सांग."

"मंग काय उद्यापासून सावड बंद करतं का तू?"

"काहून बंद करू? माह्या सुनेचं लेकरू कोन पायन, तुहा पवन सर?"

सावड चालूच राहिली. बायका रागावून निताशी बोलत नव्हत्या, पण जुने अक्षर अडले की हाक तिलाच मारत होत्या. आणि ती उठत होती.

महिना गेला. एका दुपारी निता जेवायच्या सुट्टीच्या आधीच घरी आली. काम करता करता तिचा पडदा आपोआप काळा झाला होता आणि वर अक्षरे आली होती: ऑफिसशी संपर्क साधा. तिने माझ्यासमोर फोन लावला आणि आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"निताताई, माझ्यासमोर सगळ्यांचा तक्ता आहे," पवन शांतपणे म्हणाला. "सगळ्यात जास्त लाल तुमच्या नावापुढे. लिलाबाई बघा, भागिरथाबाई बघा, काय काम आहे त्यांचं! आणि तुम्ही सुपरवायझर व्हायचं म्हणता."

"सर, मी रिकामी नसतो. मी दुसऱ्याच्या कम्प्युटरवर काम करतो. माहं काम मी मागून पुरं करतो."

"दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?"

निताने फोन या हातातून त्या हातात घेतला.

"कोणाच्या सांगा ना. समजा भागिरथाबाईंच्या. मग त्या वेळी भागिरथाबाई कुठे असतात?"

मला उत्तर माहीत होते. भागिरथा बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसलेली असते. निताला तर ते माझ्याहून जास्त माहीत होते. तिने माझ्याकडे पाहिले, मग दोरीवर वाळणाऱ्या रुचिकाच्या शाळेच्या कपड्यांकडे पाहिले.

"निताताई?"

"काई नाई, सर," ती म्हणाली.

मी फोन हातात घेतला. त्याला माझ्या इंग्रजीत सांगितले की तू एकदा येऊन ती खोली बघ. तो अत्यंत आदराने बोलला. "मॅडम, यायची गरजच नको म्हणून तर हे बसवलं," म्हणाला. निताची नोकरी त्याच दिवशी सुटली.

एकाही बाईने पवनला फोन केला नाही. निताचे खरे सांगायचे तर स्वतःचे सांगावे लागले असते. मी लिलाबाईला विचारले, तर ती पदर खोचत म्हणाली, "तिनंच तं बसवलं, मावशी. आमी का करू?" तिचे म्हणणे खोटे नव्हते, पण तिला माफ करणे मला आजही जमलेले नाही.

मदनसिंग न्यायला येणार होता त्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. त्याच सकाळी निता पायरीवर मोबाइल घेऊन बसलेली दिसली. बसवताना चाचणीसाठी तिने पडदे स्वतःच्या मोबाइलवरही घेतले होते. तिला काढले, पण मोबाइलवरून तिला तोडायचे पवनला सुचले नव्हते. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकाखाली नाव. 'निता' लिहिलेल्या चौकोनात कोणीतरी भराभरा टाइप करत होते.

"नवी बाई घेतली वाटते," मी म्हटले.

"हो. नाव माहंच हाये अजून. पाहा आजी, आता एकदम हिरवी हावो मी." ती हसली. ते हसणे मला आवडले नाही.

मग ती पुढे वाकली. भागिरथाच्या पडद्यावर एक नोंद अडली होती. तिथे बसलेली बाई चुकीचे गाव टाकत होती, पुसत होती, पुन्हा तेच टाकत होती. निताने इथूनच बाण हलवला, बरोबर गाव निवडले आणि नोंद पुढे सरकवली. मोबाइल मिटून ती पिशवी आणायला आत गेली.

दुपार उलटल्यावर आम्ही दोघी बाजारात गेलो. भागिरथाच्या जागी तिचा नवरा रामधन बसला होता. त्याला धड मापता येत नव्हते. कार्यालय सुटल्यावर भागिरथा धावत आली, उरलेली भाजी कोमेजलेली पाहून कपाळाला हात लावला, आणि निता शेजारी आहे हे न पाहता मला सांगू लागली.

"सावड बंद झाली आमची, मावशी. पवन सर लयच जवळून पायते आता. आज तं माह्या पडद्यावर बान सोताच हालला वो! गाव बदललं, अन् नोंद पुढं गेली. मी तं हात उचलून घेतले. तवापासून एक बाई जाग्यावरून उठली नाई. पानी प्यालेबी नाई."

"गाव बरोबर केलं ना पन?" निताने विचारले.

भागिरथाने तिला तेव्हा पाहिले. तिचा चेहरा उतरला. "बरोबर केलं," ती म्हणाली. "पन जीव गेला ना माहा."

निताने मेथीची एक कोमेजलेली जुडी उचलून पिशवीत टाकली. घराकडे वळल्यावर तिने रस्त्याच्या कडेला उभे राहून मोबाइल काढला आणि त्यातले ते सगळे चौकोन पुसून टाकले. मग म्हणाली, "चाला आजी, मामंजी सकाळीच येतीन. भांडे बांधाचे हायेत."

वाट्यांवर तिचे नाव होते. त्या तिने सगळ्या नेल्या.