ओढ्याकाठचा ठोका

वरच्या वस्तीत कुणालाही विचारा, ठोकेमिस्त्रीसारखा उपयोगाचा माणूस झाला नाही, असंच सगळे एकमुखानं सांगतील. आता एखाद्याबद्दल एकमुखानं चांगलं बोललं जायचं तर तो माणूस मेलेला तरी असावा लागतो, नाहीतर लांब राहणारा. मिस्त्री लांब राहायचा. तसा फार लांब नाही, वस्तीच्या पायऱ्या उतरून खाली ओढ्याकाठी. पण त्या पायऱ्या अशा उभ्या, की उतरताना गुडघे बोलायचे आणि चढताना छाती.

पूर्वी त्याला नुसतं मिस्त्री म्हणायचे. ओढ्याला लागून त्याची पत्र्याची शेड, तिच्या मागं दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नव्हतं. बायको होती, आणि दिवसभर माणसं होती. वस्तीला पाणी नव्हतं, त्यामुळे झाडून सगळ्या बायका हंडे घेऊन खाली यायच्या. हंडा भरेपर्यंत कुणाचं गळकं बूड सांधून द्यायचं, कुणाच्या विळीला धार, कुणाच्या कढईचा कान. मिस्त्रीची बायको शेडसमोरच्या चपट्या दगडावर बसून सगळ्यांच्या घरची बित्तंबातमी घ्यायची. कोणाचं कुणाशी वाजलं हे वरच्या वस्तीला कळायच्या आधी खालच्या दगडाला कळायचं.

पण बायका परत निघाल्या की तीच बायको मिस्त्रीकडे वळायची. "बघ त्यांच्या माना. हंड्यांनी आत गेल्यात. एवढे पाइप जोडतोस जगाचे, यांच्यासाठी काहीतरी कर की."

"वीज कुठून आणू? आणि डिझेल काय ओढ्यातून वाहतं?"

"ते मला काय विचारतोस? मिस्त्री तू की मी?"

तिनं पिच्छाच पुरवला. शेवटी मिस्त्रीला तरुणपणी एका कारखान्यात पाहिलेला पंप आठवला. त्याला ना वीज लागत होती ना तेल. ओढा वरच्या अंगाला बांधून घ्यायचा, तिथून लोखंडी पाइपनं पाणी जोरात खाली सोडायचं, आणि ते धावत आलं की झडपेनं त्याची वाट एकदम बंद करायची. धावत्या माणसाच्या तोंडावर दार लावलं तर तो धडकतो, तसं पाणीही धडकतं. त्या धडकेनं त्यातलं थोडंसं पाणी दुसऱ्या बारीक पाइपनं उंच चढतं, बाकीचं ओढ्याला परत. मग झडप आपोआप पडते, पाणी पुन्हा धावतं, पुन्हा धडकतं. ठक. ठक. ठक. रात्रंदिवस.

जुन्या सामानातून, जोड्याच्या तळव्याच्या चामड्यातून आणि पुष्कळ शिव्यांमधून मिस्त्रीनं तो पंप उभा केला. पहिल्यांदा वरच्या टाकीत पाणी पडलं तेव्हा वस्तीनं त्याला खांद्यावर घेतलं. टाकीत पाणी सरळ धारेनं यायचं नाही, प्रत्येक ठोक्याबरोबर गचका देत यायचं. "टाकीला उचकी लागलीय, कोण आठवण काढतंय बघा," असं म्हणून बायका हसायच्या. मिस्त्रीचा ठोकेमिस्त्री झाला तो तेव्हा. त्याची बायको दगडावर बसून हे सगळं बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा आनंद असा, की जसं काही पाइप तिनंच जोडले होते.

पुढच्या वर्षी ती गेली. ताप आला आणि उतरलाच नाही. लोक आले, रडले, टाकीच्या पाण्यानं हातपाय धुऊन घरी गेले.

आणि मग खाली कुणी येईनासं झालं.

यात कुणाची चूक नव्हती. पाणी दारात आल्यावर पायऱ्या कशाला कोण उतरेल? विळीला धार लावायची तर एवढ्यासाठी खाली कुठं जायचं, नवीनच घेऊ. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथं वैद्यानंच गरज संपवली होती. मिस्त्रीनं स्वतःच्या पायावर असा सफाईनं धोंडा पाडून घेतला होता, की धोंड्याचंही लोक कौतुक करत होते. एकदा शहरातून काही मंडळी पंप बघायला आली. त्यांनी फोटो काढले, पाइपांची मापं घेतली आणि फार शाश्वत काम आहे म्हणाली. शाश्वत म्हणजे काय, असं मिस्त्रीनं विचारलं. "कायम टिकणारं," त्यातली एक बाई म्हणाली. मिस्त्रीनं मान हलवली आणि समोरच्या चपट्या दगडाकडे बघत राहिला. मंडळी गेल्यावर त्यानं त्यांचे चहाचे कप मुद्दाम बराच वेळ विसळले नाहीत.

घर खायला उठायचं. एका माणसाचा भात करायला घेतला की नेहमी जास्तच व्हायचा. वस्ती दरडीच्या माथ्यावर, त्यामुळे खाली फोनला रेंज नाही. बोलायला काय तो पंप, आणि त्याला एकच शब्द येत होता.

मग एकदा पंप बंद पडला. झडपेचं चामडं फाटलं होतं. दुपारपर्यंत हंडे घेऊन बायका खाली हजर! शेडसमोर पूर्वीसारखी गर्दी, पूर्वीसारखा कलकलाट. "काय हो मिस्त्री, आमची सवय मोडलीत आणि आता हे?" एकीनं येताना भाजी आणली, दुसरीनं मिस्त्रीची दाढी किती वाढलीय म्हणून कान उपटले. चामडं बदलायचं काम ते केवढं, पण मिस्त्रीनं ते संध्याकाळपर्यंत पुरवलं. पाना घ्यायचा, ठेवायचा, बोलत बसायचा. बायका वर गेल्या तेव्हा अंगणात पाण्याचे ओघळ होते. ते वाळेपर्यंत तो दारात उभा राहिला.

झडप वर उचलून धरली की पाण्याच्या दाबानं ती तिथंच चिकटते आणि पंप थांबतो. हाताची दोन बोटं पुरतात. काही आठवड्यांनी मिस्त्रीनं ती दोन बोटं वापरली.

पुन्हा गर्दी झाली. पुन्हा चामड्यालाच दोष दिला. मिस्त्रीच्या मनाला लागलं नाही असं नाही, पण एकटेपणापुढे माणसाची लाज लवकर थकते.

तिसऱ्यांदा मात्र डाव उलटला. त्यानं सकाळी झडप उचलली, शेड झाडली, जादा कप धुऊन ठेवले आणि बसला. दुपार झाली. पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. वस्ती शहाणी झाली होती. दोनदा पाणी गेल्यावर घरोघरी पिंपं भरून ठेवली होती. पंप बंद आहे? मिस्त्री करील दुरुस्त, करतोच तो. ठोका नसल्यामुळे ओढ्याचा बारीक आवाज ऐकू येत होता, तो त्यानं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, की आपल्यापेक्षा आपल्या पंपाला जास्त माणसं आहेत. आणि आता त्यालाही नाहीत. पंप चालू करावा असंही त्याला वाटेना. कोणासाठी करायचा?

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. एक पाऊल, थांबणं, मग दुसरं पाऊल. मिस्त्री बाहेर आला तर त्याच्या बायकोची थोरली बहीण, अक्का. ती वर टाकीला लागूनच्या घरात मुलगा-सुनेकडे राहायची. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर बहिणीचा रिकामा दगड बघवणार नाही म्हणूनही उतरली नव्हती. तोंड घामानं डबडबलेलं, पदर खांद्यावरून घसरलेला. मिस्त्रीला बघितलं मात्र, ती होती त्या पायरीवरच मटकन बसली.

मिस्त्री धावला. "अक्का! तुम्ही कशाला? आणि हंडा कुठाय?"

"हंडा?" अक्काला धाप लागली होती. "अहो भाऊजी, पाण्याला कोण मेलं आलंय?"

तिनं त्याचा हात पकडला आणि सोडलाच नाही. धाप ओसरल्यावर बोलली. "कालपासून सुनेला विचारतेय, कुणी बघून आलं का. ती म्हणते, शेजारची गेली असेल. शेजारची म्हणते, तुमच्याकडचं कुणी गेलं असेल. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. मला वाटलं, तुम्ही गेलात."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"मग ठोका का थांबला? मी दिवसभर त्या टाकीजवळ बसलेली असते. ती उचक्या देत असली की मनात म्हणते, चला, भाऊजी बरे आहेत. म्हणून कधी कुणाला खाली पाठवलं नाही मी. रोज तर कळत होतं की मला."

मिस्त्री पंपाकडे गेला आणि झडप दोन-चारदा खाली दाबली. ठक. ठक. ठक. अक्का बघत होती. ती मिस्त्रीच्या बायकोची बहीण होती, तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"काही बिघडलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मुद्दाम?"

"करमत नव्हतं, अक्का. अजिबात करमत नाही हो."

अक्कानं बहिणीच्या दगडाकडे एकदा बघितलं, आणि मग बघतच राहिली. "मेलं ते पाणी," असं काहीतरी ती पुटपुटली. मग दोघांनी चहा घेतला. अक्कानं त्याचा भात बघून नाक मुरडलं, दाढीवरून चार शब्द सुनावले, आणि दोघंही थोडे रडले.

दुपार कलल्यावर तो तिला वर पोचवायला निघाला. अर्ध्या वाटेवर टेकायला थांबले तेव्हा खालून ठोका स्पष्ट ऐकू येत होता. अक्काचा चेहरा निवला होता. मिस्त्रीचा मात्र उतरत गेला. गप्प बसला असता तर तिचा जीव भांड्यात पडलेला तसाच राहिला असता. पण त्याला राहवेना.

"अक्का, एक सांगू? त्याला माझी गरज नसते."

"कुणाला?"

"पंपाला. चामडं फाटेपर्यंत तो आपला आपण चालतो. मी खाली मेलो ना, तरी तुमची टाकी उचक्या देतच राहील."

अक्कानं काठी घट्ट धरली. इतकी वर्षं ती ज्या आवाजावर निर्धास्त होती तो आवाज काहीच सांगत नव्हता, हे तिला त्या पायरीवर कळलं. ती म्हणाली, "मग रोज सकाळी थांबवा त्याला. जरासा. तुमचा चहा होईपर्यंत. टाकी गप्प झाली की मी समजेन, भाऊजी उठले."

तसं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री सकाळी उठून आधी झडप उचलायचा, मग चूल पेटवायचा, आणि चहा कपात ओतला की झडप दाबून पंप सुरू करायचा. वस्तीला वाटायचं, यंत्राला विश्रांती देत असेल. सुनेला वाटायचं, सासूबाईंना सकाळी उठून गप्प टाकीकडे तोंड करून बसायचं वेड लागलंय. एकदा मिस्त्रीला लहर आली, त्यानं सकाळच्यासारखा दुपारीही पंप थांबवून बघितला. घटकाभरात सून डबा घेऊन धापा टाकत खाली! अक्काचा निरोपही होता: चेष्टा पुरे. तो डबा मिस्त्रीनं दोन वेळा पुरवून खाल्ला, आणि पुन्हा तसं केलं नाही.

अक्का पुन्हा कधी उतरू शकली नाही. मिस्त्रीच्या छातीनंही पुढं चढण सोडली. एकटेपणा काही संपला नाही, तो कुणाचाच असा संपत नाही. दिवस तेवढाच लांब, भात तेवढाच जास्त. पण सकाळी चहा उकळत असताना तो ओढ्याचा बारीक आवाज ऐकत दारात उभा राहायचा, आणि त्याला माहीत असायचं, की आत्ता या क्षणी वर एक बाई कान देऊन बसलीय, आणि ती पाण्याची वाट बघत नाहीय. तेवढ्यासाठी तो रोज उठायचा. आजारी असला तरी उठायचा. अशी काही वर्षं गेली.

एका सकाळी टाकीत पाणी फार छान येत होतं. ऊन अंगणात आलं, सुनेनं भांडी घासली, कपडे धुतले, तरी गचक्यामागून गचका, कुठं खंड नाही.

"आज पाणी कसं भरभरून आहे बघा," सून कौतुकानं म्हणाली.

अक्कानं काठी कधीच हातात घेतली होती. तिला उठता येईना. "सगळ्यांना हाक मार," ती म्हणाली. "खाली जा म्हणावं."

सुनेनं सवयीनं हंडा उचलला.

"तो ठेव," अक्का म्हणाली. मागं टाकी उचक्या देतच होती.