शेटजींनी पाहिलेला नरनाळा

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी मुंबईचा एक दलाल अकोल्यात उतरला. त्याला नरनाळा किल्ला पाहायचा होता. शाळामास्तर म्हणून तिथल्या इंग्रज साहेबानं मला सोबत धाडलं. हा पठ्ठ्या पालखीतून गड चढायला निघाला. पहिल्या दरवाजापाशी भोयांना धाप लागली, तर त्यांनाच शिव्या! रानातली सीताफळं घेऊन उतरणारी एक माळीण थांबून म्हणाली, “शेटजी, पाय काहून आणले मंग सोबत?” तो चिडून तिथूनच माघारी फिरला.

अकोल्यात परतल्यावर मात्र त्याच साहेबाच्या बंगल्यावर तो गडमाथ्यावरचे तलाव नि तोफा रंगवून सांगत बसला. साहेबानं मला विचारलं, “खरं ना, मास्तर?” मी निमूटपणे मान डोलावली. दलालापेक्षा माझीच मला जास्त किळस आली.