सांध्यामागचा माणूस

जुन्या बाजारात घेतलेल्या माझ्या इटालियन रेसिंग सायकलीवर दुकानाचं नाव होतं, बनवणाऱ्याचं नव्हतं. आमचे वेल्डर सदूभाऊ सांगाड्याच्या नळ्यांच्या सांध्यावरून बोट फिरवत म्हणाले, "कानशीच्या रेघा उलट्या तिरक्या आहेत. माणूस डावखुरा होता."

इतकं जीव ओतून काम करणारा निनावी राहावा, हे मला पटेना. दुकान केव्हाच बंद पडलं होतं. इटलीत ते ज्या गावात होतं, तिथल्या जुन्या सायकलवाल्यांना मी फोटो पाठवत राहिलो. दोन वर्षं कुणी दाद दिली नाही. मग एका आजींचं पत्र आलं : 'हे माझ्या नवऱ्याचंच काम. ते डावखुरे होते. त्यांचं नाव आजवर कुणी विचारलं नव्हतं.' खाली नाव लिहिलं होतं.

मी ते पत्र सदूभाऊंना वाचून दाखवलं. हातातलं काम थांबवून ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाच."