मधल्या कॉइलचं रीडिंग

चिंचणीची चंद्रकांता आमच्या बोईसरच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात टेस्टिंगला बसायची. वर पंखा, खाली खुर्ची! आणि मी, इंदुबाई, तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटं सोललेली. कॉइल माझी, जोड माझा, पण माल पास झाला की शेठ म्हणायचे, "वा चंद्रकांता!" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

हिचं काम काय, तर कॉइलमधून करंट सोडायचा आणि तार त्याला किती अडवते ते मीटरवर वाचायचं. काटा सरकत सरकत जागेवर येईपर्यंत बाईसाहेब हाताची घडी घालून बसणार. आम्हाला पाणी प्यायला उसंत नाही, आणि हिला बसायचा पगार! वर केसात रोज अबोली. जळणार नाही तर काय करणार माणूस?

शहाऐंशीच्या दिवाळीआधी शेठनी सांगितलं, दोघींतली एकच कायम होणार, दुसरीला सुट्टी. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. मला ती जागा हवीच होती.

त्याच आठवड्यात एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरची टेस्ट होती. तिन्ही कॉइलींचं रीडिंग सारखं यायला हवं, तर मधल्या कॉइलचं जास्त आलं. शेठ कडाडले, "इंदुबाईचा जोड कच्चा!" झालं, म्हटलं, हिचं फावलं. ती नुसती गप्प बसली असती तरी जागा तिचीच होती.

पण गप्प बसेल तर ना! "थांबा शेठ. जोड कच्चा असता तर स्विचच्या सगल्या नंबरांवर जास्त आलं असतं. ह्ये एकाच नंबरावर हाय." तिनं करंट पुरता उतरू दिला, व्होल्टेज बदलायचा तो स्विच पुढेमागे खूप वेळा फिरवला आणि पुन्हा करंट सोडला. काटा सरकायला लागला. जन्मात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, हिचंच खरं निघू दे रे बाबा.

निघालं. "इंदुबायचा जोड पक्का हाय," ती म्हणाली. "स्विचच्या पट्टीवर मल बसला व्हता, फिरवून घासून निघाला."

शेठनी कायम मला केलं. म्हणाले, असा हात पुन्हा मिळायचा नाही, मीटर काय कोणीही वाचेल.

ती निघाली त्या दिवशी अख्खा कारखाना गेटपर्यंत गेला. बायका डोळे पुसत होत्या मेल्या. माझ्यासाठी कोणी आलं असतं का? जागा मिळाली मला, आणि तरी अजून जळते मी तिच्यावर.