हरावेत म्हणून केलेला प्रवास

तोक्यो स्टेशनवर उत्तरेकडे जाणाऱ्या शिंकानसेनमध्ये (इथली अतिवेगवान रेल्वे) मी बसले, तेव्हा माझ्या मनात एकच सद्हेतू होता. माझ्या मुलीचा संघ हरावा. लोक मुलांच्या यशासाठी देव पाण्यात घालून बसतात. मी तोक्योजवळच्या इचिकावाच्या आमच्या फ्लॅटमधल्या वीतभर गणपतीला एकवीस मोदक कबूल करून आले होते, ते अपयशासाठी. देवालाही हा प्रकार नवाच असणार. पण तो बिचारा काही बोलला नाही.

आधी थोडं मागचं सांगते. ऋचा, आमची एकुलती एक, नागोयात शाळेत गेली, इचिकावात मोठी झाली आणि शिकायला थेट उत्तरेकडच्या तोहोकूच्या किनाऱ्यावरच्या एका गावात जाऊन बसली. गावाचं नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. तिथल्या लहानशा विद्यापीठाचा आइस हॉकीचा संघ आहे, आणि तो एके काळी म्हणे सगळ्या देशात गाजलेला होता. ऋचा त्या संघाची मॅनेजर. हे मी पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, "केबिन आहे का गं तिला?" मी म्हटलं, आहे. जपानात खेळाच्या संघाची मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरणारी, घामट कपडे धुणारी आणि कोणाच्या गुडघ्याला कुठली पट्टी लागते हे लक्षात ठेवणारी विद्यार्थिनी, हे त्यांना सांगून माझी काय शोभा वाढणार होती! इंजिनियरिंगला घातलेल्या मुलीने चार वर्षं वीस टोणग्यांची पाणक्याची नोकरी केली, तीही फुकट.

आता चौथं वर्ष संपत आलं होतं. तोक्योतल्या एका चांगल्या कंपनीने तिला घेतलंही होतं, फक्त होकार कळवायचा बाकी होता. आणि बाईसाहेब फोनवर म्हणतात, मी इथेच राहीन म्हणते, रिंकवर अर्ध्या पगाराचं काम आहे, संघाचंही बघता येईल. मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. शेवटी तीच म्हणाली, "आई, आमची इरेकाए-सेन आहे." म्हणजे वरच्या गटातला तळाचा संघ आणि खालच्या गटातला पहिला संघ यांचा सामना, जिंकेल तो वर, हरेल तो खाली. "हरलो तर मी तोक्योला येते. जिंकलो तर राहते. मग तू काही बोलायचं नाहीस." मी लगेच कबूल केलं. तळाला गेलेला संघ, माझं काम सोपंच होतं.

गावात उतरले तर बर्फ. आपल्याकडे सिनेमात दाखवतात तसा भुरभुरणारा नव्हे, तर रस्त्यावर पडून, वितळून, पुन्हा गोठून काच झालेला. स्टेशनबाहेर तिसऱ्याच पावलाला मी सपशेल आडवी झाले. दोन शाळकरी मुलींनी मला उचललं, माझी माकडटोपी झटकून परत दिली आणि पडले मी, तरी माफी त्यांनीच मागितली. मग फेंगडं चालत, भिंती धरत मी हॉटेल गाठलं. खिडकीतून समुद्र दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो समुद्रापुढचा काँक्रीटचा उंच बांध. भूकंप-त्सुनामीनंतर बांधलेला. गावातल्या लोकांना आता समुद्राचा फक्त आवाज येतो.

जेवायला इथला प्रसिद्ध सेनबेई-जिरू (कडक खारी बिस्किटं मोडून घातलेला रस्सा) सांगितला. मी मांस खात नाही म्हटल्यावर मालकीणबाईंनी अतिशय प्रेमाने वाडग्यातले कोंबडीचे तुकडे चॉपस्टिकने एकेक वेचून काढले आणि वाडगा पुन्हा माझ्यापुढे ठेवला. आता त्या माउलीला काय सांगणार? मी डोळे मिटून बिस्किटं तेवढी खाल्ली. भिजलेल्या पापडासारखी, चांगली लागली. बाकीचं पाप मालकीणबाईंच्या खाती मांडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंकवर गेले. ऋचा दारातच भेटली, हातात बाटल्यांचं टोपलं, केस कसेबसे बांधलेले, तोंड सुकलेलं. कार्टीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आणि इथे माझ्या हातून जे झालं ते माझ्या डोक्याने केलेलं नाही, हाताने केलं. कोन्बिनीतून (चौकाचौकात असतं ते अहोरात्र उघडं दुकान) मी नाश्त्यासाठी दही आणलं होतं, पर्समध्ये कॉफीच्या साखरेच्या पुड्या होत्या. मुलगी महत्त्वाच्या कामाला निघाली आहे एवढंच हाताला कळलं. मी तिच्या तळव्यावर चमचाभर दही घातलं, वर साखर, आणि म्हटलं, "यश घेऊन ये." म्हणून झाल्यावर लक्षात आलं की आपण काय बोललो.

ऋचाने दही चाटलं. मागे उभा असलेला कॅप्टन, सहा फुटी धिप्पाड मुलगा, तिला काहीतरी पुटपुटत विचारू लागला. तिने सांगितलं असणार की आमच्याकडे कामाला निघताना आई देते, म्हणजे काम फत्ते होतं. त्याने हातमोजा काढला, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ माझ्यापुढे धरली. त्याच्या मागे रांग लागली. अगदी रीतसर, आधी चौथ्या वर्षाचे, मग तिसऱ्या, मग दुसऱ्या, शेवटी पहिल्या वर्षाची पोरं. ज्येष्ठता मोडली तर जपानात दहीसुद्धा घशाखाली उतरत नाही. दही संपलं तेव्हा कोणीतरी धावत जाऊन आणखी घेऊन आलं. अशा रीतीने, ज्यांच्या पराभवाचा मी नवस बोलले होते, त्या वीसही जणांना मी स्वतःच्या हाताने यशाचं दही-साखर भरवलं. सर्वांत शेवटी प्रशिक्षकांनी हात पुढे केला. गणपतीने तिकडे कपाळाला हात लावला असेल.

सामना सुरू व्हायला वेळ होता. प्रवेशदालनात एक मोठं काचेचं कपाट होतं, आणि त्यात कप-ढाल काही नाही, नुसत्या रंग उडालेल्या लांब रिबिनी टांगलेल्या. मी बघत उभी राहिले तसे एक वृद्ध गृहस्थ शेजारी येऊन वाकले. हे कुमागाई-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'). मासळीबाजारात आयुष्य काढलेले, आणि त्याआधी याच संघाचे खेळाडू. अशा माजी खेळाडूंना इथे 'ओबी' म्हणतात, आणि ते आपल्याकडच्या माहेरच्या वडीलधाऱ्यांसारखे असतात. बोलावलं नाही तरी येतात, आणि सगळ्यावर मत देतात.

त्यांनी मला विजेतेपदांचा इतिहास सांगितला. प्रत्येक विजेतेपदाला एक रिबीन, ती फिरत्या निशाणाला बांधायची. ही निळी, तेव्हा ते स्वतः डाव्या बाजूला खेळत होते. ही पांढरी, ती त्यांच्या धाकट्या भावाची. लागोपाठ तीन रिबिनी दाखवताना त्यांचा आवाज इतका मऊ झाला की नातवंडांची नावं सांगतायत असं वाटावं. एकूण दहा विजेतेपदं, ते म्हणाले. मागून दुसरे एक ओबी म्हणाले, नऊ. कारण एका वर्षी अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघांना विजेते ठरवलं. ते एक धरायचं की अर्धं, यावर हे दोघे म्हातारे तरुणपणापासून भांडत आहेत. मी म्हटलं, साडेनऊ म्हणा. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट दुसरी रिबीन बघू लागले.

कप कुठे आहेत, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्सुनामीत गेले. पाणी याच दालनात आलं होतं, जुन्या कपाटासकट सगळं घेऊन गेलं. रिबिनी तेवढ्या त्यांच्या बायकोने धुऊन इस्त्री करायला डोंगरावरच्या घरी नेल्या होत्या, त्या वाचल्या.

मग आम्ही शेजारी बसलो. बाकडं असं गार, की कुमागाई-साननी मला उष्णतेच्या दोन पुड्या दिल्या, एक पाठीला लावायची, एक पोटाला. खेळ मला कळत नव्हता. रबराची काळी चकती इतकी जोरात जाते की ती कुठे आहे हे बघायला सगळे कुठे बघतायत ते बघावं लागतं. पहिला गोल समोरच्या संघाने केला. मी मनात म्हटलं, उत्तम. दुसराही त्यांनीच केला. मोदकांची पिठी हिगाशी-कसाईच्या भारतीय दुकानात मिळते का, याचा मी विचार करू लागले.

मध्यंतरात कुमागाई-सान सहज बोलावं तसं बोलले. "ऋचा-सानच्या आई, तुम्ही इतक्या लांब आलात ते बरं झालं. हरलो तर हा शेवटचा सामना."

"शेवटचा म्हणजे? खालच्या गटात खेळतील की."

"नाही. खालच्या गटात गेलो तर विद्यापीठ संघ बंद करणार आहे. मुलंच कमी झालीत. ऋचा-साननी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. हरलो तर येते, असं ती फोनवर किती सरळ म्हणाली होती, आणि मी किती घाईने कबूल केलं होतं. हरल्यावर तिला राहण्यासारखं इथे काही उरणारच नव्हतं, म्हणून येणार होती ती. मी खाली बघितलं. खेळाडूंच्या बाकामागे ती एकेकाच्या हातात बाटली देत होती, न बघता, कारण कोणाची कुठली ते तिला पाठ होतं. एवढ्याशा पोरांच्या घरावर मी नांगर फिरवायला निघाले होते, तेही देवाला मध्ये घालून.

त्यानंतर माझं मला भान राहिलं नाही. आमच्या पोरांनी एक गोल फेडला, मी उठून उभी राहिले. दुसरा फेडला तेव्हा माकडटोपी काढून फिरवत होते. "अरे, मार की! बघतोस काय त्याच्या तोंडाकडे!" जपानी प्रेक्षक एका तालात टाळ्या वाजवत होते, आणि त्यात मी अस्सल पुणेरी मराठीत किंचाळत होते. ओबी मंडळींना वाटलं मंत्र म्हणतेय. त्यांनी वाट करून मला पुढच्या रांगेत बसवलं.

अखेरची काही मिनिटं उरली आणि तिसरा गोल समोरच्यांनी केला. मग आमच्या प्रशिक्षकांनी गोलरक्षकालाच बाहेर घेतलं, त्याच्या जागी हल्ल्याला एक जास्तीचा खेळाडू पाठवला. चोराच्या मागे धावायला घर सताड उघडं टाकून जावं, तसं हे. नियमात बसतं म्हणे. पोरं जीव खाऊन धावली. चकती कोणाच्या तरी काठीला लागून उलटी फिरली आणि सावकाश, अगदी कोणालाही दिसेल इतक्या सावकाश घसरत आमच्या रिकाम्या जाळीत गेली.

सगळे रांगेत उभे राहिले, समोरच्या संघाला वाकले, मग आमच्याकडे वळून वाकले. कॅप्टन वाकलेला वर येईचना. बाजूच्या दोघांनी त्याला धरून सरळ केलं. कुमागाई-सान उठले, कोट नीट केला आणि माझ्यासमोर कमरेत वाकले. "चार वर्षं तुम्ही मुलगी आमच्याकडे दिलीत. तिला एकही रिबीन जिंकून दाखवता आली नाही. क्षमा करा."

जपानीत उत्तराची ठरलेली वाक्यं आहेत, मला सगळी येतात. मी नुसती वाकले, आणि डोळ्यांतलं पाणी पुसून होईपर्यंत वाकूनच राहिले.

ऋचा आत मोरीवर बाटल्या धूत होती. आता त्या कोणाला लागणार होत्या? तरी आतून ब्रश फिरवून, खळखळून, पालथ्या घालत होती. मी बाह्या वर केल्या आणि तिच्या शेजारी उभी राहिले. आम्ही दोघींनी सगळ्या धुतल्या. ती रडली नाही, मीच मधूनमधून नाक ओढत होते.

हिवाळ्याची सुट्टी लागलीच होती, म्हणून ती माझ्याबरोबरच निघाली. गाडीत बराच वेळ जपानीत मित्रमैत्रिणींना निरोप लिहीत होती. सेंदाई स्टेशन गेल्यावर फोन ठेवला.

"आई, जिंकलो असतो तर मी खरंच राहिले असते."

"माहितीये."

"मग तू एवढी का ओरडत होतीस?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बर्फ संपून कोरडी शेतं लागली होती. "मला काय ठाऊक," मी म्हटलं. "उद्या कंपनीला होकार कळवायचाय ना? मग झोप थोडी." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खरोखरच झोपली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मी ज्यासाठी गेले होते ते अगदी मनासारखं झालं होतं, आणि एवढं मनासारखं कधीच काही होऊ नये, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

इचिकावाला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या ह्यांनी दार उघडलं. आमची पैज त्यांनाही ठाऊक होती. दोघींना सामानासकट बघून त्यांना काय ते कळलं, आणि चेहरा असा फुलला की बघवेना. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स आणूनच ठेवला होता. झाकण काढून पहिला पेढा माझ्यापुढे धरला.

"ठेवा तो आत," मी म्हटलं. "पेढे कसले वाटताय? हरलोय आम्ही."